सुई लावली म्हणून पसरलं?

“सुई लावली म्हणूनच पसरलं की गं. नाहीतर गाठ आपली गप बसली होती.”

आत्याच्या बाराव्याला, खानापूर तालुक्यातल्या तिच्या सासरच्या पडवीत, तिच्या थोरल्या जावेने मला हे सांगितलं. आजूबाजूच्या चारसहा बायकांनी माना डोलावल्या. मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेली बाई. बायप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा कण काढायच्या, सुईबद्दलची ही भीती जवळजवळ निराधार आहे, हे मला तोंडपाठ होतं. तरी त्या दिवशी मी गप्प बसले, कारण त्यांच्या वाक्याखाली जो प्रश्न होता त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आत्याची स्तनातली कॅन्सरची गाठ सुपारीएवढी असतानाच सापडली होती. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, केस परत आले. तिसऱ्या वर्षी यकृतात आणि मणक्यात निघालं. त्याच सुमाराला बेळगावात आमच्या शहापूरच्या गल्लीतल्या एका काकूंनाही तेच झालं होतं. त्यांची गाठ मोठी होती, काखेतही उतरली होती. डॉक्टरांचा चेहरा काकूंच्या वेळी जास्त पडला होता. त्या काकू आज चौदा वर्षांनी खडेबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालताना दिसतात.

एकीची लहान गाठ पसरली, दुसरीची मोठी गाठ थांबली. का?

गावाकडे याला उत्तरं तयार असतात. सुई लावली, चाकू लागला, उशीर केला, पथ्य पाळलं नाही, नशीब. यातल्या निम्म्या उत्तरांत दोष डॉक्टरचा असतो आणि निम्म्यांत बाईचा. शहरातल्या शिकलेल्या माणसाचं उत्तर थोडं वेगळं असतं: तिची गाठ ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ होती. हे पुष्कळदा खरंही असतं. पण त्यातही सगळा हिशेब गाठीवरच मांडलेला असतो. ज्या देहात ती गाठ होती त्या देहाचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

विचारला होता, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध लिहिला. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी चाळल्या. रक्त तर सगळीकडे फिरतं, मग गाठीतून सुटलेल्या पेशी सगळीकडे सारख्याच रुजायला हव्यात. तसं दिसत नव्हतं. यकृतात दोनशेच्या वर रुग्णांना गाठी होत्या, प्लीहेत विसाच्या आत. पॅजेट म्हणाले, बी चहूकडे उधळतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या मातीतच.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट पोराला सुद्धा समजावून सांगावी लागत नाही. खानापूरच्या तांबड्या मातीत रताळ्याचा वेल कसा पसरतो आणि तोच वेल बैलहोंगलच्या काळ्या रानात लावला तर काय होतं, हे शेतकऱ्याला विचारा. बियाणं एकाच दुकानातलं असलं तरी पीक एकसारखं येत नाही. पॅजेट यांची माती म्हणजे शरीरातला अवयव: यकृत, हाड, फुप्फुस. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मातीचा अर्थ आणखी खोल गेला. एकाच अवयवाची माती माणसामाणसांत वेगळी असते, आणि त्या वेगळेपणाचा काही भाग जन्मतःच आईबापाकडून येतो.

ही गोष्ट ज्या प्रयोगाने पहिल्यांदा नीट दाखवली तो मला फार आवडतो, कारण आठवीच्या वर्गातही सांगता येतो. अमेरिकेत केंट हंटर आणि सहकाऱ्यांनी उंदरांची एक जात घेतली, जिच्या मादीला स्तनाचा कॅन्सर हमखास होतो. त्या जातीच्या नरांचे संबंध त्यांनी वेगवेगळ्या वाणांच्या माद्यांशी लावले. जन्मलेल्या लेकींमध्ये कॅन्सर पेटवणारं जनुक एकच, बापाकडून आलेलं. आया मात्र वेगवेगळ्या. गाठी सगळ्यांना झाल्या. पण फुप्फुसात त्या किती पसरल्या, हे आई कोणत्या वाणाची यावर ठरत होतं. काही वाणांत पसरणं अगदी कमी, काहींत भरपूर. हे १९९८ साली छापून आलं. ठिणगी बापाकडची, आणि वणवा लागणार की नाही ते आईकडच्या वारशावर.

इथे एक घोळ आधीच सोडवते, कारण तो सगळीकडे होतो. कॅन्सर कुणाला होणार आणि झालेला कॅन्सर कुणाच्या अंगात पसरणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतले बिघाड पहिल्या प्रश्नात मोडतात. ते थोड्या घरांत असतात, पण जिथे असतात तिथे धोका बराच वाढवतात. दुसऱ्या प्रश्नातली जनुकं वेगळ्या स्वभावाची निघाली आहेत. ती बिघडलेली म्हणावीत अशी नसतातच. चांगली धडधाकट माणसं ती घेऊन जगत असतात.

पीसीएसके-९ हे त्यांतलंच एक. हे नाव कोलेस्टेरॉलच्या डॉक्टरांना पाठ आहे. यकृतात तयार होणारं हे प्रथिन रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल किती राहावं ते ठरवतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तावाझोई यांच्या गटाने २०२५ च्या सुरुवातीला ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं की या जनुकाचं एक नेहमीचं रूप स्तनाच्या कॅन्सरला पसरायला मदत करतं. स्वीडनमधल्या, रोग लवकर सापडलेल्या स्त्रियांच्या मोठ्या गटात ज्यांना हे रूप आई आणि वडील दोघांकडून आलं होतं, त्यांच्यात पंधरा वर्षांत रोग दूरवर उगवण्याचा धोका २२ टक्के होता. इतरांत २ टक्के. तेच रूप उंदरांत घातलं तर त्यांच्यातही गाठी जास्त पसरल्या, आणि त्या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी दिली तर कमी झाल्या. ही औषधं कोलेस्टेरॉलसाठी आधीच बाजारात आहेत. स्तनाच्या कॅन्सरला ती माणसांत उपयोगी पडतात का, हे चाचण्यांनीच ठरायचं, म्हणून उद्या कुणी मेडिकलमध्ये जाऊन ती मागू नयेत.

यातली खरी मेख पुढे आहे. हे ‘धोक्याचं’ रूप गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींमध्ये दुहेरी असतं. दहातल्या सात. मग कुळाला डाग म्हणून बोट कुणाकडे दाखवणार?

एपीओई या जनुकाची कथा तर आणखी मासलेवाईक. त्याचं चौथं रूप अंगात असलं की म्हातारपणी अल्झायमरचा धोका वाढतो, हे जुनं ज्ञान. त्याच गटाने २०२० मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात पाहिलं, तर चौथ्या रूपाचे रुग्ण जास्त जगत होते आणि एरवी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या दुसऱ्या रूपाचे कमी. उंदरांत कारणही सापडलं. चौथ्या रूपाच्या उंदरांत गाठीविरुद्ध प्रतिकारपेशी जास्त जोमाने उठत होत्या. म्हणजे जे जनुक म्हातारपणी स्मरणशक्ती खातं, तेच या एका लढाईत आपल्या बाजूने उभं राहतं. ‘चांगलं रक्त, वाईट रक्त’ अशी भाषा करणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी थोडं थांबावं.

आणि इथेच वारसा आणि प्रतिकारशक्ती एकमेकींत गुंततात. गाठीतून सुटलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या उरतात त्यांतल्या काही एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं दबून बसतात. त्यांना दाबून कोण ठेवतं, याचा एक जीवघेणा पुरावा स्कॉटलंडमधून २००३ साली आला. एका दात्याच्या दोन किडन्या दोन रुग्णांना बसवल्या होत्या. दोघांनाही थोड्याच काळात मेलॅनोमा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं की दात्याला सोळा वर्षांपूर्वी मेलॅनोमा होऊन गेला होता आणि तो बरा झाला असं सगळे धरून चालले होते. तो पूर्ण गेला नव्हता, त्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशींनी तो सोळा वर्षं धरून ठेवला होता. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून नव्या शरीरांना प्रतिकार दाबणारी औषधं चालू होती. पहारा उठला आणि दबलेल्या पेशी उठल्या.

हा पहारा कसा चालतो ते सांगायला मला कोगनोळीचा नाका बरा वाटतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथे कागद दाखवावा लागे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला तसाच कागद सतत दाखवावा लागतो. आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे तुकडे एचएलए नावाच्या चौकटीत बसवून ती बाहेर धरते. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी गस्तीवर येतात, तुकडा ओळखीचा असेल तर पुढे जातात, विपरीत दिसला तर पेशी मारतात. या चौकटी किती तऱ्हेच्या असाव्यात ते वारशाने ठरतं. एक संच आईकडून, एक बापाकडून. दोन्ही वेगळे असले तर जास्त प्रकारचे तुकडे दाखवता येतात, दोन्ही सारखे असले तर कमी. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये दीड हजाराहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. प्रतिकारशक्तीवरची नवी औषधं घेतल्यावर ज्यांचे संच वेगवेगळे होते ते जास्त जगले.

मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आपल्याकडच्या लग्नांचा आला. आमच्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. आईबाप जवळच्या नात्यातले असले की लेकरात दोन्ही संच सारखे येण्याची शक्यता वाढते. म्हणून मामाची मुलगी केली तर कॅन्सर पसरतो, असं कृपा करून कुणी म्हणू नये. तेवढी उडी तो अभ्यास मारत नाही आणि मीही मारणार नाही. माझं म्हणणं एवढंच की स्वीडन आणि अमेरिकेतल्या रुग्णांचे आकडे उचलून बेळगाव-चंदगडच्या माणसाला लावता येत नाहीत. आपली लग्नाची रीत वेगळी, पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत सोयरीक, त्यामुळे जनुकांचं वाटपही वेगळं. दुसऱ्याच्या मातीचा रिपोर्ट घेऊन आपण आपल्या शेताला खत टाकत नाही.

प्रतिकारशक्तीवरून आणखी एक सांगते, जरा रागाने. कोरोनापासून ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र झाला आहे. काढा, गुळवेल, पावडरी, थेंब. कॅन्सरच्या रुग्णाला तर प्रत्येक भेटायला येणारा माणूस एक पुडी देऊन जातो. आत्याच्या खोलीतल्या कोनाड्यात अशा अकरा बाटल्या मी मोजल्या होत्या. ही शक्ती म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे, की मोटार चालू केली आणि भरली. तिला जोर हवा तसा लगामही हवा. लगाम सुटला तर ती आपलेच सांधे, आपलंच यकृत खाते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, ती गोष्ट वेगळी. लगामाचं काम करणाऱ्या नियंत्रक टी-पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. त्याआधी, २०१८ चं नोबेल मिळालं जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना, कारण कॅन्सर प्रतिकारशक्तीचा असाच एक लगाम खेचून धरतो आणि औषधाने तो सैल करता येतो हे त्यांच्या कामातून उलगडलं. कोणाचा लगाम किती घट्ट, हे काही अंशी जन्मजात. ते बाटलीने बदलत नाही.

ही लगाम सैल करणारी औषधं भयंकर महाग. त्यावर तोडगा आपल्या मुंबईत निघाला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मान-तोंडाच्या, हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निव्होलुमॅब हे औषध रूढ मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी, दिवसभर मिसरी लावणारी बाई किंवा चिकोडीचा गालात मावा धरणारा ट्रॅक्टरवाला, यांच्याच रोगावरची ही चाचणी.

दुसरी चाचणीही टाटाचीच, आणि ती मला आत्याच्या जावेच्या वाक्याकडे परत नेते. स्तनाच्या कॅन्सरच्या १,६०० स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी सातदहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना देतात तेच बधिर करण्याचं औषध, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. यामागचा तर्क असा, की कापताना गाठीभोवती जी खळबळ होते तिच्यात काही पेशींना निसटायची संधी मिळते, ती बधिर केल्याने कमी होते. म्हणजे ‘चाकू लागला की पसरतं’ या बोलण्यात एक कण सत्य होतं, आणि शास्त्रज्ञांनी त्या कणाची टिंगल न करता त्यावर उपाय शोधला. मी पडवीत गप्प बसले ते बरंच झालं म्हणायचं. तरी हेही सांगायलाच हवं, की चाकूच्या भीतीने घरी बसलेल्या बायका मी जितक्या गमावलेल्या पाहिल्या, तितक्या चाकूने गेलेल्या पाहिल्या नाहीत.

आता मुद्द्याकडे येते. या दोन चाचण्या टिकल्या कशाच्या जोरावर? औषधं आधीपासूनचीच होती, यंत्रं साधीच होती. जोर होता तो पाठपुराव्याचा. सोळाशे बायकांचं पाच वर्षांनी काय झालं, हे कुणीतरी विचारत राहिलं, पत्रं पाठवली, फोन केले. पसरण्याचा अभ्यास म्हणजे दुसरं काय असतं? कॅन्सर झाला ही एका दिवसाची नोंद. पसरला की नाही ही पंधरा वर्षांची नोंद. आणि सीमाभागात आपण नेमकं हेच हरवतो.

आत्याचंच पाहा. गाठ दाखवली बेळगावात. ऑपरेशन मिरजेला, कारण तिथे ओळखीचं माणूस होतं. रेडिएशनचा शेक कोल्हापुरात. शेवटची दुखणी पुन्हा खानापुरात, घरच्या डॉक्टरकडे. चार ठिकाणी चार फायली. एकीवर तिचं नाव कर्नाटकाच्या रीतीने, दुसरीवर महाराष्ट्राच्या रीतीने, नवऱ्याचं नाव मधे आणि आडनाव शेवटी. एका कागदावर वय ४७, दुसऱ्यावर ५१. मिरजेच्या नोंदीत ती ऑपरेशन होऊन गेलेली, बरी झालेली बाई. बेळगावच्या नोंदीत तपासणीनंतर परत न आलेली बाई. यकृतात पसरून मेलेली बाई कुठल्याच नोंदीत नाही. मग कोणत्या संशोधकाने तिच्या मातीचा विचार करावा?

त्याहून मला सलणारी गोष्ट वेगळी आहे. एका रुग्णालयात माझ्या आतेभावाला विचारलं होतं, “घराण्यात आधी कुणाला?” तो म्हणाला, “आमच्या घराण्यात कुणालाच नाही.” कार्डावर तसं लिहिलं गेलं. तो खोटं बोलला नाही. आपल्या भाषेत घराणं म्हणजे बापाचं घर. त्याने आपल्या वडिलांच्या सात पिढ्या आठवल्या. आजारी होती ती त्याची आई, आणि तिचं रक्त आलं होतं गडहिंग्लजहून, माझ्या माहेरातून, जिथे तिच्या आईची बहीण अशाच रोगाने गेली होती आणि चंदगडला दिलेल्या एका चुलतबहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. विचारणारा घाईत होता, उत्तर देणारा पुरुष होता, आणि प्रश्नात ‘घराणं’ हा शब्द होता. तिथेच धागा तुटला.

सीमाभागात हा धागा आणखी सहज तुटतो. १९५६ मध्ये रेघ ओढली, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. या सगळ्या काळात गडहिंग्लज, आजरा, चंदगड आणि खानापूर, बेळगाव, निपाणी यांच्यातला बेटीव्यवहार एक दिवस थांबला नाही. लेकी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पेशीतलं सगळं गेलं. कागद मात्र रेघेशी अडतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारने लगेच हरकत घेतली, हा आमच्या कारभारात हस्तक्षेप आहे म्हणून. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली. माणसं आपली आहेत हे दोघेही सांगत होते. ती माणसं कशाने मरतात याच्या नोंदी एकमेकांना दाखवू, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मराठी म्हणून माझा कल कुठे आहे ते लपवायचं कारण नाही, पण या बाबतीत दोघांनाही सारखेच गुण देईन, आणि ते पास होण्याइतके नसतील.

“ह्या सगळ्याला फार पैसा लागेल,” असं माझे एक निवृत्त डॉक्टर परिचित म्हणाले. जनुकांच्या तपासणीला लागेलच. पण ते काम देशात सुरू झालंय. जीनोम इंडिया प्रकल्पात ८० हून अधिक समाजगटांतल्या दहा हजारांवर निरोगी लोकांचे जनुकसंच वाचून झाले, जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांना खुले झाले. मातीचा नकाशा तयार होतोय. दुसरी बाजू, म्हणजे कोणत्या मातीत काय उगवलं, ती मात्र प्रयोगशाळेत तयार होत नाही, ती गावात जाऊन विचारावी लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून हे काम चालतं. तिथली माणसं गावोगाव फिरून कॅन्सरच्या नोंदी घेतात. बार्शी काही लंडन नव्हे. बार्शीला जे जमलं ते बेळगाव, कोल्हापूर आणि सांगलीच्या रुग्णालयांना मिळून का जमू नये? आरोग्याच्या नोंदींसाठी चौदा आकडी आभा क्रमांक केंद्र सरकारने देऊन ठेवलाच आहे. रुग्णाची संमती घेऊन त्या क्रमांकावर चार फायली एकत्र येऊ शकतात. त्यात एक पान असं हवं ज्यावर ‘घराणं’ हा शब्द नसेल. आई, आईची आई, आईच्या बहिणी, आत्या, त्यांना दिलं ते गाव, रोग झाला असेल तर कोणता, आणि पुढे काय झालं. विचारणारी शक्यतो बाई असावी, आणि उत्तर देणारीही.

यावर खरा आक्षेप पैशाचा नाहीच. तो लग्नाचा आहे. “हे सगळं लिहून ठेवलं तर पोरींना स्थळं कशी येणार?” माझ्या चुलतभावजयीने हे मला तोंडावर विचारलं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोडाची, फिट्सची, टीबीची किंमत मुलींनीच मोजलेली आपण पाहिली आहे. म्हणून नोंद गुप्त राहिली पाहिजे, कायद्याने राहिली पाहिजे, आणि विमा कंपनी किंवा सोयरीक जुळवणारा यांच्या हाती ती पडता कामा नये. पण तिला मी आणखी एक सांगितलं. पसरण्यावर परिणाम करणारी ही रूपं इतकी सर्वसाधारण आहेत, की ज्या घरातून स्थळ येतंय त्या घरातही ती असणारच. नकार द्यायचा तर निम्म्याहून अधिक जगाला द्यावा लागेल. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने चहा टाकला.

याच्या उलट टोकाची माणसंही आहेत. ‘सगळं जनुकांत लिहिलेलं असतं ना मॅडम’ म्हणत तळहातावर चुना मळणारी. त्यांना एवढंच म्हणते, की माती कशीही असली तरी पेरणाऱ्याचा हात आपला आहे.

गेल्या सुगीनंतर आमच्या दारात हेळवी आला. बैल, पडशी, कापडात गुंडाळलेली जाडजूड वही. आमच्या सासरच्या कुळाचा मूळ पुरुष कोण, कुठून आला, कुणाला किती मुलगे, हे त्याने एका दमात म्हणून दाखवलं. पायलीभर भात आणि दक्षिणा देऊन झाल्यावर मी त्याला विचारलं, “ह्यात माझी नणंद कुठे आहे?”

“लेकीबाळी त्यांच्या सासरच्या वहीत, अक्का.”

“आणि ती वही कुणाकडे?”

“ते गाव माझ्याकडं नाही,” तो म्हणाला. “ते नदीपलीकडल्या हेळव्याचं. त्याची नि माझी गाठ कधी पडत न्हाई.”